विचारलं तरच सांगायचं

कूलरला नवा वाळा बसवला, पहिल्यांदा पाणी सोडलं आणि तो ओला, मातकट वास घरभर पसरला, की माझा एक दिवस फुकट जातो. इतरांना म्हणे त्या वासानं गार वाटतं. मी मात्र खिडक्या उघडून बसते. दर एप्रिलला मी ठरवते की यंदा ते नवे, बिनवासाचे पुठ्ठ्याचे पॅड लावायचे. आणि दर एप्रिलला कूलरवाला दारात उभा राहिला की तोंडातून निघतं, 'खस ही लगा दो, भैया.' चाळीस उन्हाळ्यांची सवय आहे, ती मोडत नाही.

यंदा कूलरवाला गेला आणि अर्ध्या तासात पुण्याहून भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाची, हेमूची ही पोरगी. घरात मराठी, बाकी सगळीकडे हिंदी, आणि घाईत असली की दोन्हींची खिचडी. 'आत्या, पप्पा बता रहे थे, तू तुझ्या टायमाला गुहेचा गेम चालवायचीस? कागदावर? मला एक ट्रॅप सांग ना, फेअर वाला. लास्ट टाइम सब लोग चिढ गये माझ्यावर. म्हणे हे चीटिंग आहे.' शनिवारी तिच्या खोलीवर मित्रमैत्रिणी जमणार होत्या आणि खेळ तिला चालवायचा होता. मी म्हटलं, उद्या सांगते. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

हा खेळ आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहात कसा पोचला तेही सांगायला हवं. तेव्हा छत्तीसगढ हे नुसतं मुलखाचं नाव होतं, पत्त्यावर आम्ही म. प्र. लिहायचो. माझा मामा अमेरिकेतून शिकून नागपूरला परतला आणि त्यानं दिवाळीत आम्हा भावंडांना चॉकलेटांऐवजी एक फाटकं इंग्रजी पुस्तक आणि कापडी पिशवीभर फासे दिले. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. आई म्हणाली, 'हे काय आनलं रे बाप्पा, जुगार?' जुगार नव्हता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गुहा रचायची आणि तोंडानं सांगायची: समोर दार आहे, पलीकडे अंधार आहे. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. गुहा रचणारीच्या हातात सगळं जग असायचं. मला दुसरं कुठलंही काम नको होतं.

परीक्षेनंतरचा उन्हाळा होता. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन आले होते आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. लू अशी चालायची की रस्त्यावरचं डांबर सायकलच्या चाकाला चिकटायचं. दोनचा भोंगा झाला की पहिल्या पाळीची माणसं डोक्याला पंचे बांधून परतायची आणि मग क्वार्टरांच्या लायनीत पुन्हा सामसूम. अशा दुपारी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर चटई टाकून आम्ही गुहेत शिरायचो. बाबा ड्राफ्ट्समन होते. रद्द झालेले पाठकोरे नकाशे घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी भुयारं काढायची. हेमूनं माझं नाव 'गुहावाली' पाडलं होतं.

माझी पहिली गुहा म्हणजे कत्तलखाना होता. हेमू एका दुपारी तीन वेळा मेला. तिसऱ्यांदा त्यानं फासे भिंतीवर फेकले आणि बाबांकडे गेला. बाबांनी माझा कागद घेतला, ऑफिसातलं ड्रॉइंग तपासावं तसा चष्मा पुसून पाहिला आणि एकच विचारलं, 'मंजू, एवढा खड्डा खनला त माती कुठं गेली?'

त्या प्रश्नानं मला खेळ शिकवला. खड्डा असेल तर कुठंतरी मातीचा ढीग पाहिजे. भाले सुटणार असतील तर समोरच्या भिंतीवर जुने ओरखडे पाहिजेत. चिन्ह बारीक असू दे, पण असू दे. आणि पाय घसरला तर पाय मोडावा, मुंडकं उडू नये. चूक जेवढी, शिक्षा तेवढी. ह्यानंतर एक नियम मी माझ्या डोक्यानं काढला आणि त्याचा मला इतका गर्व होता की वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवला: विचारलं तर खरं सांगायचं, न विचारलं तर अळीमिळी गुपचिळी. गुहावाली कधी खोटं बोलणार नाही, पण आपणहून तोंडही उघडणार नाही. शहाणा असेल तो विचारील. अठरा वर्षांच्या मुलीला आपण फार न्यायी आहोत असं वाटायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

खेळायला हेमू असायचा, शेजारच्या क्वार्टरमधली शैला असायची, आणि त्या उन्हाळ्यात कुंदा यायला लागली. कुंदा माझ्या वर्गातली. तिचे बाबा रेल्वेत गार्ड, मूळचे तुमसरकडचे, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचे. ती डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून, लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, दुर्गहून सायकलवर यायची. आली की आधी तांब्याभर पाणी, मग आईच्या हातचं पन्हं, आणि मग म्हणायची, 'काहो काकू, तुमच्या इथं सारे घरं एकसारखे. मानसं चुकून दुसऱ्याच्या घरात नाही घुसत काय?' आई हसायची.

आमच्यात सगळ्यात चांगली खेळायची तीच. तिच्या पात्राचं नाव झिपरी, कुलपं उघडणारी चोरटी. झिपरी एक पाऊल टाकायच्या आधी दहा प्रश्न विचारायची. 'छत किती उंच हाय? हवा कोनीकडून येऊन राहिली? ह्या दगडावर धूळ कमी कावून हाय?' मी सांगत जायची, ती ओळखत जायची. आठ दुपारींत तिनं माझे सगळे सापळे उघडे पाडले. कौतुक वाटायला हवं होतं. मला राग यायचा.

म्हणून मी एक खास गुहा रचली. नकाशा आमच्याच क्वार्टरचा घेतला. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, अंगण. फक्त भिंती दगडाच्या केल्या आणि दिवा विझवून टाकला. आमच्या टाइपच्या क्वार्टरमध्ये अंगणातल्या न्हाणीची जमीन वीतभर खाली होती. दारातून आत जाताना पाय सोडून उतरावं लागायचं. आम्हाला ते पाठ होतं; कुंदा अंगणात कधी गेलीच नव्हती. अंगाला साबण लावून, डोळे मिटून आम्ही त्या पायरीवरून जाऊ येऊ शकत होतो. दुसऱ्या दालनातच हेमू आणि शैला एकमेकांकडे बघून हसायला लागले. शेवटच्या अरुंद दाराशी हेमू म्हणाला, 'मी पाय खाली सोडून उतरतो.' शैलाही तशीच उतरली.

कुंदानं विचारलं, 'दारावर काही लिवलं हाय?' नाही. 'वरतून काही टांगलं हाय?' नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. मग झिपरीनं पाऊल टाकलं. फाशावर तीन पडले. खाली मी सळया रोवून ठेवल्या होत्या, म्हणजे चुकीएवढीच शिक्षा हा नियम मीच मोडला होता. झिपरी मेली.

'चिन्ह कुठं होतं?' कुंदानं विचारलं.

'साऱ्या घराचा नकाशाच चिन्ह होता,' मी म्हटलं.

'तुमच्या घराचा. माह्या नाही.'

'तू विचारलं असतं, जमीन कशी हाय, त मी सांगतलं असतं.'

तेव्हा ती जे बोलली ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. आवाज चढवला नाही, रडली नाही. 'जिले माहीतच नाही का इथं पायरी असते, थे पायरीचं कशी विचारन वं? जीव जाऊन राहिला असन, त न विचारता सांगाव मंजू. असा एक नियम कर.'

'मंग खेळ काय राहिला?' मी म्हटलं. ती बरोबर बोलत होती हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि म्हणूनच मी झिपरीला परत जिवंत केलं नाही.

आता मागच्या लायनीबद्दल. आमच्या अंगणाला लागून एक अरुंद गल्ली आणि पलीकडे दुसऱ्या लायनीची अंगणं. आमच्या बरोबर मागे दिलीपचं घर. आई, वडील आणि एकुलता दिलीप. पक्की नोकरी, नवी स्कूटर, दिसायला गोरा. रविवारी दुपारी त्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज यायचे, कधी काही तरी जड पडल्याचा. आमची आई तेव्हा रेडिओ मोठा करायची. सोमवारी नळावर दिलीपची आई भेटायची, गालावर काळंनिळं. ती सांगायची, 'न्हानीच्या पायरीवर घसरली.' बायका चुकचुकायच्या, हळद लावा म्हणायच्या. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की वर्षानुवर्षं या क्वार्टरमध्ये राहणारं माणूस त्या पायरीवरून घसरत नाही. ते खोटं फक्त आम्हालाच ओळखू येणारं होतं. बाहेरच्या माणसाला ते खरंच वाटलं असतं.

कुंदाची सोयरीक त्या घरात ठरत आहे हे मला शैलाकडून कळलं. मी आईकडे गेले. आई कैऱ्या किसत होती. 'कुंदाच्या घरच्यांले सांगाले पाह्यजे,' मी म्हटलं. आईनं किसणी खाली ठेवली. 'आपल्याले कोनी विचारलं काय? सोयरिकीत मोडता घालाचा नाही, मंजू. लग्न झालं का मुलं सुधरतात. आन तुह्यं बी ह्याच लोकांत जमवाचं हाय. मोडता घालनाऱ्या घरची पोरगी कोन करून घेईन?' आई वाईट बाई नव्हती. कुणाचंही बाळंतपण असो, मयत असो, डबे घेऊन पहिली धावायची. पण लग्नाच्या गोष्टीत आपलं भलं नि आपण भले, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि ती मला शिकवत होती. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यावं लागलंच नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलेलं होतं.

आणि मग त्यांनी विचारलं. हे मी इतक्या वर्षांत कुणाजवळ बोलले नाही. कुंदा आणि तिची आई एका दुपारी मुद्दाम आमच्याकडे आल्या. कुंदाची आई नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन चटईवर बसली आणि म्हणाली, 'ताई, तुमी जवळ राहता. आमी पडलो रेल्वेचे, आमाले इथलं काही समजत नाही. पोरगं कसं हाय?'

आई म्हणाली, 'नोकरी पक्की हाय. स्कूटर हाय. घरात मानसं मोजकीच. नंदाजावांचा तरास नाही.' एक शब्द खोटा नव्हता.

कुंदा उठून माझ्यामागे मधल्या खोलीत आली. गुहेच्या दाराशी बसायची तशीच पुढे वाकून खाटेच्या काठावर बसली. 'तुले काय माहीत हाय त्याच्याबद्दल?'

'मी कधी बोलली नाही वं त्याच्याशी,' मी म्हटलं.

'त्याच्या घरून काही आवाज येते काय? भांडनाचा?'

एवढं नेमकं तिनं विचारलं. एवढी माझी मैत्रीण हुशार होती. बाहेरच्या खोलीतून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी खिडकीकडे बघत म्हटलं, 'कूलर चालू असते ना दिवसभर. काय ऐकू येते.'

तेही खोटं नव्हतं. कूलर खरंच चालू असायचा.

लग्न वैशाखात झालं. दुर्गला रेल्वेच्या हॉलमध्ये मंडप, बाहेर झळा, आत तीन पंखे आणि दोनशे माणसं. मी अक्षता टाकल्या, पंगतीत बसून बुंदी खाल्ली, सासरी निघताना कुंदा रडली तेव्हा मीही रडले. मला वाटत होतं, आता ती अगदी मागच्याच लायनीत राहायला येणार, रोज भेटेल. माझ्या मूर्खपणाला सीमा नव्हती, की तो मूर्खपणा मी मुद्दाम पांघरला होता, कोण जाणे. मागच्या लायनीतून आमच्या दारापर्यंत यायला तीन मिनिटं लागायची. ती एकदाही आली नाही. रविवारी दुपारी आई रेडिओ मोठा करायची आणि मी पुस्तक उघडून बसायची.

जूनच्या शेवटी ती मला सेक्टरच्या बाजारात दिसली. डाव्या मनगटाला पट्टी होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, 'न्हानीच्या पायरीवर घसरली.' आणि माझ्याकडे सरळ बघत राहिली. आता ती आमच्यातली झाली होती. ती पायरी तिलाही पाठ झाली असणार, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, 'जपून.' तेवढं एकच म्हटलं, टोमॅटो घेतले आणि घरी आले. घरी येऊन मी सगळे फासे पिशवीत भरले, गुहांचे कागद बंबात घातले. हेमू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कुंदा सहा वर्षं त्या घरात राहिली. तिच्या सासूला मात्र पुढं न्हाणीत पडल्याचं कधी सांगावं लागलं नाही. मग एक दिवस कुंदा दुर्गला बापाकडे निघून गेली, ती आलीच नाही. डाव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं होतं. एवढं सगळं मला इकडून तिकडून कळत होतं. माझं लग्न चांगलं झालं, ह्याच लोकांत झालं. आता आम्ही जुनवानीला राहतो. दुर्ग इथून जेमतेम अर्ध्या तासावर. मी लग्नकार्याला दुर्गला कितीदा तरी गेले. तिची गल्ली टाळून गेले.

भाचीला दुसऱ्या दिवशी फोन केला. माती, ओरखडे, चुकीएवढीच शिक्षा, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, 'आणि हे बघ, कुणाचा जीव जाणार असेल तर तिनं विचारायची वाट बघू नकोस. आधी सांगून टाक.' ती हसली. 'अरे आत्या, फिर गेम में मजा क्या रह गया?' मी तिला जेवलीस का विचारलं.

त्याच आठवड्यात मी दुर्गला गेले. कुंदा वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत एकटीच राहते, एका शाळेत क्लार्क आहे, पुढच्या वर्षी रिटायर होईल. दार उघडून तिनं मला ओळखलं आणि 'ये' म्हणाली. खुर्ची तिनं स्वतःच्या उजव्या हाताला ओढून दिली, त्या बाजूच्या कानानं ऐकू येतं म्हणून. मी वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. चहा समोर आला तेव्हा एकदम म्हटलं, 'कुंदा, मले माहीत होतं.'

'हो,' ती म्हणाली. 'थे मले तेव्हाच समजलं.'

'तेव्हाच?'

'तू कूलरचं बोलली ना, तेव्हा. खेळात बी तू अशीच करायची. खोटं नाही बोलायची, पन तिसरीकडंच पाहून बोलायची. त्याच्यावरूनच त मी तुह्ये अर्धे सापळे ओळखत होती.'

मी कप खाली ठेवला. 'मंग तू हो कावून म्हटलं?'

'मी कुठं हो म्हटलं?' तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. 'घरी गेल्या गेल्या आईले सांगतलं, मले हे घर बरोबर वाटून नाही राहिलं. दोन दिवस जेवली नाही. बाबा थांबले होते. म्हने, नाही म्हनून कळवतो. मंग आईनं समजावलं त्याईले. म्हने, थे मंजू तिथं भिंतीले भिंत लावून राह्यते, हिची जिवाची मैत्रीन हाय. काही असतं, त थे पोरगी बोलली नसती काय?'

तिनं माझा कप माझ्याकडे सरकवला.

'बाबाले पटलं थे. मंग माह्याजवळ बोलाले काही राह्यलं नाही.'